खालिदचा सायलेन्सर

दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यासमोर एकदम सगळं पांढरं झालं, की मी समजतो, रुतूबा आली. रुतूबा म्हणजे इथला दमटपणा. बहारीनमध्ये ऑगस्ट अर्धा सरला की वारा पडतो, समुद्र नुसता वाफ सोडत राहतो आणि हे एवढंसं बेट झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखं आतल्या आत शिजतं. परवा संध्याकाळी भाजी आणायला निघालो आणि जिन्याच्या तोंडाशीच आंधळा झालो. चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा तेच. मागून लेक म्हणाली, "बाबा, जस्ट वेट. इट विल क्लिअर." मराठी तिच्या कानात सगळं आहे, जिभेवर काही उतरत नाही. मी थांबलो. ते दोन मिनिटांचं पांढरेपण मला आवडत नाही. त्यात मला एक गाडी दिसते आणि गाडीच्या काचेआड कुणीतरी बसलेलं असतं.

वासही येतो. हे मी बायकोला एकदाच सांगितलं. ती म्हणाली, "शेजारी बखूर जाळत असतील, दुसरं काय!" बरोबर आहे तिचं. अगरूच्या लाकडाचे तुकडे अत्तरात मुरवून केलेला हा धूप इथे घरोघरी जळतो. फक्त आमचे शेजारी दोन महिने सुट्टीवर आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. उगाच घाबरवून काय करायचं!

नव्वदच्या दशकात मी इथे आलो तेव्हा मिशी नुकती जाड झालेली होती आणि अंगात मस्ती होती. कराडच्या आयटीआयचा वेल्डर. सलमाबादच्या एका गॅरेजात आम्ही दोघं गाड्यांचे सायलेन्सर बसवायचो. दुसरे हसनभाई, दापोलीकडचे. आधी ते अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीजवळ होते. तिथली शिफ्ट सोसेना म्हणून इकडे आले आणि आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ऑगस्ट काढू लागले, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण माणूस कधी कुरकुरला नाही. पाइप वाकवायचे ते, डाग द्यायचो मी. गाडीचा आवाज बरोबर लागला की नाही हे ते डोळे मिटून, पाइपावर ओला फडका धरून ठरवायचे. माझ्या कानांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "सदा, तुजे कान नुसते चष्मा लटकवायला हायत," असं ते रोज एकदा तरी म्हणायचे.

आमच्याकडची पोरं शर्टाची बटणं उघडी टाकतात, तशी इथली पोरं सायलेन्सर उघडे टाकायची. अमेरिकन गाड्या, लांब नाकाच्या, दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या. मसल कार म्हणायचे त्यांना. मूळचा सायलेन्सर काढून बाहेरून मागवलेला बसवायचा, म्हणजे गाडी गुरगुरते. आपली गाडी गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरला पाहिजे, एवढीच हौस. आम्हाला काय, आम्ही बसवायचो. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज आवडायचा. पोटात कुठेतरी लागायचा.

त्या वर्षीच्या रुतूबेत अबू खालिद आले. इथे बाप झालेल्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अबू खालिद म्हणजे खालिदचा बाप, उम्म खालिद म्हणजे खालिदची आई. मला ही रीत फार गोड वाटायची. त्या दिवसानंतर वाटेनाशी झाली.

पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला साठीकडे झुकलेला माणूस. त्याची गाडी ओढून आणली होती, काळपट जांभळी, अंगावर धुळीचा थर आणि थरावर दमट हवेचे ओघळ. मागच्या सीटवर एक लांब पुठ्ठ्याचं खोकं, अमेरिकेची तिकिटं लावलेलं. "मेरा लडका मंगाया," ते म्हणाले. "जहाज से आया. अभी आया. बिठाओ."

हसनभाईंनी नेहमीचा प्रश्न केला. आवाज किती मोठा हवा हे ज्याची गाडी त्यालाच विचारावं लागतं. "लडका किधर है, बाबा? उसको बुलाओ."

"लडका मफी," अबू खालिद म्हणाले.

मफी म्हणजे नाही. पेट्रोल मफी, चहा मफी, वीज मफी. दिवसातून पन्नासदा ऐकलेला शब्द. तो माणसाबद्दलही वापरता येतो हे मला तेव्हा कळलं. खालिद उन्हाळ्याच्या सुरुवातीला पोहायला गेला होता, तो परत आलाच नाही. तो गेल्यावर तीन महिन्यांनी त्याच्या नावाचं खोकं बंदरावर उतरलं. बाप सोडवून घेऊन आला.

खोकं उघडताना हसनभाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. आत दोन चकचकीत सायलेन्सर, पाइप, क्लॅम्प, रबरं. वर एक कागद होता. त्यावर तीन प्रकार छापलेले, मोठ्या आवाजाचा, मधला आणि सौम्य. सौम्यापुढे खूण होती. अबू खालिदांनी तो कागद बराच वेळ धरला. मग त्यांनी सांगितलं की घरात याच्यावरून भांडण झालं होतं. आई म्हणाली होती, असली आवाज करणारी गाडी माझ्या दारात आणायची असेल तर तू पण येऊ नकोस. मायलेक दोन आठवडे बोलत नव्हते. मग तो पोहायला गेला. "माँ को मालूम नहीं," कागद घडी करत ते म्हणाले, "वो छोटा आवाज वाला मंगाया."

आता आईच म्हणत होती, बसवा. काय त्याने मागवलं होतं ते मला ऐकू दे.

दोन दिवस लागले. जुन्या पाइपाचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते कापावे लागले. खाली झोपून काम करताना ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा बोटाला लागला. खाऱ्या हवेने खाल्लेला, पापडासारखा पातळ, दोन-तीन ठिकाणी आरपार. वर गालिचा होता म्हणून आतून दिसत नव्हतं. पत्र्याचं काम आमचं नव्हे, असं म्हणून मी पुढे सरकलो. माणूस आयुष्यात बहुतेक चुका "ते माझं काम नव्हे" म्हणूनच करतो. घामाने चष्मा घसरत होता, शेडमध्ये वाऱ्याची झुळूक नव्हती आणि मला सारखं वाटत होतं की वर, सीटवर, कुणाचं तरी वजन आहे. एकदा तर स्प्रिंग करकरली. मी सरपटत बाहेर येऊन पाहिलं. गाडी रिकामी होती. हसनभाई लांब, दाराशी नमाजाला उभे होते.

सगळं जोडून झालं की सांधे तपासायचे. त्याची हसनभाईंची स्वतःची पद्धत होती. एका जुन्या डब्यात निखारे, त्यावर लोबान आणि डब्याला ब्लोअरची नळी लावून तो धूर सायलेन्सरच्या शेपटीतून आत सोडायचा. जिथे सांधा कच्चा असेल तिथून पांढरी रेघ उठते. दुसऱ्या गॅरेजवाले यासाठी तेलकट चिंध्या जाळायचे. हसनभाईंना गुरुवारी दुकानात लोबान घालायचाच असायचा, तेव्हा एका धुरात दोन कामं. "धूर खोटा बोलत नाय," ते म्हणायचे.

त्या दिवशी नेमका लोबान संपला होता. हसनभाई म्हणाले, थांब, बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन आणतो. तिथपर्यंत जाऊन येणं म्हणजे दुपार गेली. मला काम संपवायची घाई. ते बसथांब्याकडे गेले आणि मी गाडीत चिंध्या शोधू लागलो. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक गोल पितळी डबी सापडली. आत बखूर, तळाशी चिमूट-दोन चिमूट. मी वास घेतला. बाजारातल्या बखूरसारखा नव्हता तो. गोडसर, थोडा कडवट, आत कुठेतरी केशर. मेलेल्या पोराची वस्तू, हात लावू नये, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण चिमूटभर धूप, कोण विचारतंय! मी डबी निखाऱ्यांवर पालथी केली.

ब्लोअर सुरू केला. धूर पाइपात शिरला. सायलेन्सरच्या पोटात काचेच्या तंतूंची लोकर भरलेली असते, आवाज गिळायला. त्या लोकरीतून झिरपत तो पुढे गेला. मी वाकून खाली रेघ शोधत होतो. दिसेना. मग सहज वर पाहिलं.

धूर गाडीच्या आत होता. ड्रायव्हरच्या सीटवर. पत्र्याच्या भोकांतून आणि गालिच्यातून वर आला होता आणि काचा बंद असल्यामुळे तिथेच साचला होता. सीटच्या आकाराने. खांदे असावेत तितका रुंद, वर थोडा निमुळता, आणि काचेला बाहेरून वाफ धरलेली. मी तिशीच्या आतला, देवाधर्माची टिंगल करणारा माणूस. मी हललो नाही. तोही हलला नाही.

मग भानावर आलो. ब्लोअर बंद केला, खाली घुसून सीटखालच्या सांध्याचा क्लॅम्प दोन आटे आवळला. उरलेला धूर सोडून पुन्हा तपासलं. आता काही गळत नव्हतं. काम झालं, असं मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. बाहेर आलो तर अबू खालिद गाडीचं दार उघडून उभे होते. कधी आले कोण जाणे. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ते श्वास घेत होते, लांब, एकामागून एक.

"ये किसने जलाया?" त्यांनी हळू विचारलं.

डबी माझ्या खिशात होती. डोळ्यांपुढे मालक दिसला, व्हिसा कॅन्सल झालेला दिसला, कराडच्या स्टँडवर पेटी घेऊन उतरलेला मी दिसलो. "किसीने नहीं, बाबा," मी म्हणालो. "गाडी में ही था."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता धरतील. पण ते माझा हात हातात घेऊन रडायला लागले. हा बखूर उम्म खालिद घरी करायची. प्रत्येक घराचा वेगळा असतो. पोरगा गेल्यापासून तिने केला नव्हता, घरात होता नव्हता तो देऊन टाकला होता. खालिदच्या कपड्यांतून तो वास केव्हाच गेला होता आणि ती रोज कपाटात डोकं घालून शोधत होती.

संध्याकाळी हसनभाई आले, इंजिन सुरू करून पाइपावर फडका धरला आणि म्हणाले, "ह्यो तर कुजबुजतो." खरंच. गुरगुर नव्हतीच. शेजारी बसून कुणी हळू बोलावं तसा आवाज. गाडी गेल्यावर मी त्यांना डबी दाखवली. त्यांनी ती उघडून हुंगली. मग म्हणाले, "मेलेल्याच्या नावावर खोटा नको घालू, सदा. उद्या जाऊन सांग." मी हो म्हणालो. गेलो नाही.

वासाचं हे असंच असतं. फोटो भिंतीवर लावता येतो, आवाज टेपमध्ये ठेवता येतो. वासाला ठेवायची जागा नाही. त्याच्या आदल्या वर्षी माझी आई गेली तेव्हा मी इथेच होतो. रजा मिळून पोचेपर्यंत तेरावा झाला होता आणि बहिणीने आईची लुगडी स्वच्छ धुऊन, घड्या करून ठेवली होती. मी तिच्यावर ओरडलो, तिला कळेना काय चुकलं. म्हणूनच असेल, पण गाडी गेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत मी स्वतःची समजूत घातली की मी केलं ते पापच असलं तरी पुण्याच्या बाजूला झुकलेलं पाप आहे. एका आईला चार दिवस मुलाचा वास मिळाला, कुणाचं काय गेलं?

दोन आठवड्यांनी अबू खालिद खजुराची पेटी घेऊन आले. चेहरा फुललेला. उम्म खालिद रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गाडीत जाऊन बसते म्हणाले. बंगल्याच्या गॅरेजात. इतक्या दमट उकाड्यात नुसतं बसवत नाही, म्हणून इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद. पहिल्यांदा पंधरा मिनिटं, आता तासभर. महिनोन् महिने झोप नव्हती, आता गाडीत डोळा लागतो. डोकं दुखतं, उलट्या होतात, पण खूश आहे. "बात करती है उससे," ते लाजल्यासारखे हसले.

"खुशबू अभी भी है?" मी विचारलं. गालिच्यात, गादीत मुरला असेल, असं मी धरून चाललो होतो.

"वही तो!" ते म्हणाले. "मोटर बंद, खुशबू मफी. मोटर चालू, खुशबू आता है. जितना देर चालू, उतना जास्ती. वो मोटर के साथ आता है."

हसनभाईंच्या हातातला पाना खाली पडला. मलाही कळायला एवढाच वेळ लागला. गादीत मुरलेला वास गार गाडीतही आला असता. हा वास इंजिनाबरोबर येत होता, म्हणजे सायलेन्सरच्या लोकरीत बसलेला बखूर तापून बाहेर पडत होता, आणि तो ज्या वाटेने आत येत होता त्याच वाटेने इंजिनाचा धूरही आत येत होता. मी सांधा तपासला तो गार पाइपावर. पाइप तापला, पसरला की सांधा उघडत होता. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला स्वतःचा वास नसतो. माणूस गुंगतो, झोपतो आणि उठत नाही. इथे तो खालिदचा वास अंगावर घालून येत होता.

भिंतीवरच्या घड्याळात असर होऊन अर्धा तास झाला होता.

जनाबियाला त्यांच्या बंगल्यापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. एवढंच आठवतं की समोरची काच बाहेरून सारखी धूसर होत होती, वायपर फिरत होता आणि अबू खालिद "यल्ला, यल्ला" म्हणत स्वतःच्याच गुडघ्यावर मारत होते. रस्त्यात मी त्यांना सगळं सांगितलं. डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडून पाहिली, रिकामी होती, बंद केली. मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

गॅरेजचं शटर उकाड्यापायी पाऊण खाली ओढलेलं होतं. आतून ती कुजबुज ऐकू येत होती. शटर वर केलं तर बखूरच्या वासाची लाट अंगावर आली. गाडीच्या काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. आड कुणीतरी बसलेलं, मान एका बाजूला. शेजारच्या सीटवर ती होती, ड्रायव्हरची जागा मोकळी ठेवून. मी दार उघडून किल्ली फिरवली, हसनभाईंनी तिला बाहेर ओढलं. मोकळ्या हवेत आणून पायरीवर बसवलं. चेहऱ्यावर पाणी मारलं. कितीतरी वेळाने तिने डोळे उघडले आणि पहिल्यांदा मला शिवी दिली, गाडी बंद केली म्हणून.

अबू खालिदांनी तिला अरबीत सांगितलं. हा माणूस, ही डबी, हा धूर. पत्र्याला भोक आहे, तू मरत होतीस. तिथे कुणी नाही, उम्म खालिद, कुणी येत नाही, हा सगळा धूर आहे. बोलताना त्यांचा आवाज फाटत होता. मी हात जोडून उभा होतो. इतकी वर्षं झाली, त्या क्षणाची लाज अजून तितकीच ओली आहे. तिच्याकडचा शेवटचा चिमूटभर मुलगा मी निखाऱ्यांवर घातला होता, आणि तोही खोटा करून तिला विकला होता.

ती ऐकत राहिली. रडली नाही. मग माझ्याकडे बघून सावकाश काहीतरी म्हणाली. माझं अरबी बाजारापुरतं. अबू खालिदांनी हिंदीत सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबले. पुन्हा प्रयत्न केला.

"ये बोलती है," ते म्हणाले, "वो रोज़ एक ही बात बोलता था। रोज़। माँ, खिडकी खोलो। और मैं नहीं खोलती थी। खोलूँगी तो खुशबू चला जाएगा।"

हसनभाईंनी डोळे मिटले.

उम्म खालिद भिंत धरून उठली. नवरा पुढे झाला, त्याचा हात तिने बाजूला केला. डगमगत गाडीपाशी गेली, उघड्या दारातून आत वाकली आणि काचेचा दांडा फिरवायला लागली. तो घट्ट होता, तिला दोन्ही हात लावावे लागले. काच वाफेचे ओघळ घेऊन इंचाइंचाने खाली गेली, शेवटपर्यंत. इथल्या आया लेकरालाच लाडाने यम्मा म्हणतात, म्हणजे आई. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत ती म्हणाली, "खलास, यम्मा. उघडली."